बोरगाव मंजूच्या पुढे

मला एका जागी बसवत नाही. हे दुखणं जुनं आहे. शाळेत बाई ओरडायच्या, सासरी सासूबाई ओरडल्या, आणि नवऱ्याची रेल्वेतली बदली होऊन आम्ही साताऱ्याहून बडनेऱ्याला आलो तेव्हा शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुमाले काही टोचून राह्यलं का वं? बसा ना घटकाभर!" मला रागच आला होता. पुढे कळलं, इथे असंच बोलतात. मनात आलं की तोंडात आलंच. आता मीही तशीच बोलते, आणि साताऱ्याची बहीण फोनवर म्हणते, "वैशाली, तू हल्ली बोलतेस का भांडतेस तेच कळत नाही."

याच बहिणीने विचारलं होतं, "अमरावतीहून अकोल्याला धावत? का गं, गाड्या बंद आहेत का?" तिला फोनवर समजावता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय, तेही मध्येमध्ये उठून अंगणात चकरा मारत.

आमचा धावणाऱ्यांचा गट अमरावतीचा. सुरुवातीला चांगला मोठा होता. रविवारी पहाटे जमायचं, लांबवर धावायचं, परत येताना तर्री पोहे खायचे. पण जोरात धावणारे पुढे निघून जायचे आणि मागे पडलेले आमच्या मागून येणाऱ्या टेम्पोत चढून मान खाली घालून परतायचे. एकदा एका बाईला टेम्पोत रडताना गावंडे भाऊंनी पाहिलं आणि तिथल्या तिथे नियम काढला. एक जण टेम्पोत बसला की सगळ्यांनी बसायचं. कोणी दुसऱ्याला 'तू बस' म्हणायचं नाही. ज्याला बसायचंय त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'मले बसाचं आहे.' आणि त्याने म्हटलं की त्याला 'काहून', म्हणजे का, असं विचारायचं नाही.

नियम ऐकून जोरात धावणारे आधी पळाले. मग हळू धावणारेही गेले, कारण आपल्यापायी दहा माणसं टेम्पोत बसणार या ओझ्याने त्यांचे पाय उचलेनात. शेवटी आम्ही तिघं उरलो. गावंडे भाऊ, म्हणजे सुधाकर गावंडे, साठीच्या जवळ आलेले, संत्र्याची बाग आणि कपाशीचं वावर असलेले, दिसायला रोड पण बोलायला दणकट. नुजहत आपा, अमरावतीत कापडाचं दुकान, माझ्याहून थोड्या मोठ्या, सलवार-कुडत्यावर पळणाऱ्या आणि डोक्यावरची ओढणी पिनांनी अशी घट्ट बसवणाऱ्या की वादळातही हलायची नाही. आणि तिसरी मी. मागून टेम्पो घेऊन गावंडे भाऊंचा शेजारी बंडू. तो जन्मात कधी धावलेला नाही आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

आता मुख्य गोष्ट. अकोल्याला धावत जायचा आमचा हा दुसरा प्रयत्न. मागच्या हिवाळ्यात आम्ही बोरगाव मंजूच्या थोडं पुढे, अकोला अगदी हाताशी आलेलं असताना थांबलो. गावंडे भाऊंच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ते म्हणाले, "मले बसाचं आहे." तिघंही टेम्पोतून अकोल्यात उतरलो. तिथे त्यांची बहीण मंदाताई अर्ध्या गल्लीला गोळा करून ओवाळायला उभी. आणि मंदाताईंचे यजमान, म्हणजे गावंड्यांच्या घरचे जवाई, त्यांच्या हातात तर जणू कोलीतच मिळालं. त्यानंतर एकही लग्न, एकही साखरपुडा सुटला नाही. पंगत बसायच्या आधी जवाई भर मांडवात ओरडणार, "अरे, आमच्या साळ्याले आधी जागा द्या! हा मानूस बोरगाव मंजूच्या पुढे उभा राहू शकत नाही!" सगळा मांडव हसायचा. गावंडे भाऊही हसायचे. घरच्या जवायाला उलट बोलायचं नसतं, ही इकडची रीत. आमच्याकडेही जावयाचा मान असतो, पण असा वर्षभर मीठ चोळायचा परवाना नसतो.

"ताई," निघायच्या आदल्या दिवशी गावंडे भाऊ मला म्हणाले, "मले फक्त एक पायजे. जवायाच्या दारात माह्या पायानं जाचं. बास."

बडनेरा सुटलं

जानेवारीची थंडी होती. अमरावती सोडली तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. बडनेऱ्याच्या पुलाजवळ माझा नवरा ड्युटीवर जायच्या आधी थर्मास घेऊन उभा होता. त्याने चहा दिला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "रात्री फोन कर." बास. प्रेमाचं एवढंच भाषण. मला तेवढ्यावर दोन तास पळता येतं.

बडनेरा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी काळी जमीन उघडी पडते. तूर काढायला आलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. आमच्या साताऱ्याकडे नजर कुठे ना कुठे डोंगराला जाऊन टेकते. इथे टेकायला काही नाही. माझ्यासारखीला हे बरं आणि वाईट दोन्ही. बरं असं की पळत सुटावंसं वाटतं. वाईट असं की कितीही पळा, पोचल्यासारखं वाटतच नाही.

मी जोरात धावते. मला हळू जमत नाही. पण नियमामुळे एकत्र राहायचं, म्हणून मी पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जाते आणि परत येते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आपा म्हणतात, "ये औरत हमको चक्कर ला देगी." गावंडे भाऊ म्हणतात, "ताई, आमी एकदा अकोल्याले जाऊन राहिलो, तुमी दोनदा."

एका वावरात बाया कापूस वेचत होत्या. आम्हाला पाहून सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हातारी बांधावर येऊन ओरडली, "काहून धावून राहिल्या वं बायांनो? कोनाचं काई झालं का?"

"काही नाही झालं आजी, अकोल्याला चाललोय!"

"मंग त्या टेम्पोत जागा नाई का?"

"आहे ना."

म्हातारीने आधी टेम्पोकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, "चांगल्या घरच्या दिसतेत बिचाऱ्या." बंडू स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. पुढे एका चहाच्या टपरीवर कोणीतरी आमचा नियम ऐकून विचारलं, "मंग आतापर्यंत कोन बसलं?" तर बंडू म्हणतो, "मीच बसलो ना बाप्पा, अमरावतीपासून."

पहिला दिवस असा हसण्यात गेला. गावंडे भाऊ वर्षभर तयारी करून आले होते. पहाटे उठून बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळत होते, खायचं-प्यायचं सांभाळत होते. त्यांचा पाय असा एकसारखा पडत होता की त्या आवाजावर आपण आपला श्वास लावावा. मी दहा वेळा पुढे जाऊन दहा वेळा परत आले, तरी तो आवाज बदलला नाही. संध्याकाळच्या आत आम्ही लोणीच्या पुढच्या एका खेड्यात पोचलो. तिथे गावंडे भाऊंचे साडू राहतात.

साडूचा पाहुणचार

इथे एक चूक झाली, आणि ती चूक वऱ्हाडी माणूसच करू जाणे. गावंडे भाऊंनी मुक्काम सोयऱ्याकडे ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, "घेणार का अजून थोडं?" पाहुणा "नको" म्हणतो आणि सुटतो. इथे विचारत नाहीत, वाढतात. पहिल्या रात्री पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि तिचा लालबुंद रस्सा. तो आम्ही कसाबसा निभावला. ठरलं होतं की सकाळी उजाडायच्या आत निघायचं. आम्ही बूट बांधून ओसरीवर आलो तर अंगणात गोवऱ्या पेटलेल्या, त्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला टाकलेले, आणि साडू स्वतः उकिडवे बसून फुंकर घालतायत.

"खाऊन जा," साडू म्हणाले.

"अहो दादा, आम्हाला पळायचंय," मी म्हटलं. "रोडगे खाऊन कोणी पळतं का?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गावंडे भाऊंना म्हणाले, "सुधाकरराव, तुमच्या साळीनं पहाटे उठून कनीक मळली. तुमाले जाचं असन तं जा बाप्पा."

झालं! आता कोण जातंय? गावंडे भाऊंनी मुकाट्याने बूट सोडले. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते, कोंबड्या मला घाबरून पळत होत्या. रोडगे भाजले, फोडले, त्यात तुपाची धार सोडली, वर वांग्याची झणझणीत भाजी. कबूल करते, जन्मात तसं काही खाल्लं नव्हतं. आपांनी दोन खाल्ले. मी चिडून तीन. निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं, पोटं तट्ट फुगलेली, आणि बंडू तर टेम्पोत बसल्या बसल्या घोरत होता. त्याला म्हटलं, तू ये मागून.

हायवेवर ट्रकांची धूळ आणि डोळ्यांवर ऊन. गावंडे भाऊ म्हणाले, आतून गाडरस्त्यानं जाऊ, बाभळीची सावली आहे. रस्ता चांगला होता. पण एका ठिकाणी तो नाल्यात उतरून खचलेला, म्हणून आम्ही तूर काढून झालेल्या वावरातून आडवे घुसलो. काळ्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडतात. मी पुढे होते, गावंडे भाऊ माझ्या मागे, आपा शेवटी. "या अल्लाह!" असा आवाज आला. वळून पाहिलं तर आपांचा एक पाय घोट्यापर्यंत भेगेत आणि त्या हातांवर पडलेल्या.

"काय झालं?"

"कुछ नहीं हुआ." त्यांनी पाय उपसला, कुडत्यावरची माती झटकली, ओढणीची पिन चाचपली. "रोडगे का वजन है. चलो."

आणि चालू लागल्या. मग धावूही लागल्या. टेम्पो जवळ नव्हता. गावंडे भाऊंनी दोनदा विचारलं, "आपा, बरं आहे ना?" आपा दोन्ही वेळा म्हणाल्या, "एकदम फस्ट क्लास." मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता ना मला! वेळ वाया गेल्याने मी आधीच तळमळत होते.

मूर्तिजापूर, खालाचं घर

मूर्तिजापुरात आपांच्या खालाकडे उतरलो. खाला म्हणजे मावशी. बुटकी, गोरीपान, तोंडात पान, मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात. दारातच गावंडे भाऊंना म्हणाली, "भाऊ, तुमी मटन नई खात, मेरे को नुजहत ने बोला. तुमचा दालचा अलग पातेल्यात केला, फिकर नको." मग गावंडे भाऊ आणि खालाचे यजमान बाहेरच्या खोलीत कापसाच्या गप्पा मारत बसले. बोंडअळीवर त्यांचं असं जुळलं की कोणी म्हणावं, लहानपणापासूनचे दोस्त.

आत खालाने पाय शेकायला मिठाचं गरम पाणी दिलं. मी माझे पाय घातले. आपा बूट काढेनात.

"काढा ना आपा."

"बाद में."

मी काही कोणाचं 'नंतर' ऐकणारी नाही. खाली बसले आणि बुटाची नाडी ओढली. बूट निघताना आपांनी ओठ इतके आवळले की पांढरे पडले. मोज्याखाली पाऊल सुजून वर आलं होतं आणि बाहेरच्या बाजूला वांग्यासारखा रंग चढला होता.

"बाई गं! आपा, हे काय? आणि यावर तुम्ही दिवसभर पळालात?"

"आवाज कम कर." त्यांनी माझं मनगट धरलं. "बोलना नहीं. किसी को नहीं. गावंडे भाऊ को तो बिलकुल नहीं."

"वेड लागलंय का? हाड मोडलं असेल तर?"

"कल का एक दिन है. एकच दिवस, वैशाली." मग त्या मराठीत आल्या. खरं काळजातलं बोलायचं असलं की आपा मराठीत येतात. "वर्षभर तो मानूस हसून राहिला. तुले वाटते का त्याले हासू येते? माह्या दुकानात आलते एकदा, बायकोसाठी लुगडं घ्याले. गिऱ्हाईकातलं कोनी तरी म्हनालं, अरे हे तं बोरगाव मंजूवाले. कापड न घेता निघून गेले. मी पाह्यलं ना त्याहिचं तोंड."

नियमाप्रमाणे मी त्यांना 'बसा' म्हणू शकत नव्हते. त्या स्वतः म्हणणार नव्हत्या. आणि बाहेर जाऊन गावंडे भाऊंना सांगायचं, तर त्यांचं अकोला तिथल्या तिथे संपलं. मी खोलीत फिरत राहिले. खालाने हळद-तेल आणलं, आपांच्या पावलाला फडकं बांधलं, आणि मला ओरडली, "तू बैठ गे! पाय तिचा दुखतो, नाचती तू!"

जेवण फार चांगलं होतं म्हणतात. मला चव आठवत नाही.

बोरगाव मंजू

तिसऱ्या दिवशी गावंडे भाऊ आमच्या आधी तयार. ठेवणीतली पांढरी टोपी घातलेली. "आज काई नाटक नाई," ते म्हणाले, "कोनाचे रोडगे नाई, कोनाचा चहा नाई. सरळ अकोला."

काटेपूर्णेच्या पुलावर धुकं होतं. गावंडे भाऊ पुढे, त्यांचा तो एकसारखा आवाज. मागे आपा. त्यांचा आवाज एकसारखा नव्हता. एक पाय पडायचा, दुसरा नुसता टेकायचा. मी मध्ये. पुढच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं हे माझं नेहमीचंच, त्यामुळे गावंडे भाऊंना शंका आली नाही. पण आज मी परत येत होते ती आपांचं तोंड पाहायला. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाईट दिसायचं.

"आपा, म्हणा."

"नहीं."

"मी पाया पडते."

"रस्ते में मत पड़, ट्रक आएगा."

बोरगाव मंजूला एका हॉटेलवाल्याने गावंडे भाऊंना ओळखलं. कढईत आलूबोंडे सोडता सोडता म्हणाला, "काका, मागच्या साली तुमीच होते ना? या, बसा!" गावंडे भाऊ न थांबता हात हलवून म्हणाले, "आता अकोल्यालेच!" आणि थोड्या वेळाने ती जागा आली. रस्त्याकडेचा कडुलिंब, त्याखाली पडकी पाणपोई. इथेच मागच्या वर्षी त्यांनी ते वाक्य म्हटलं होतं. गावंडे भाऊ झाडाशी पोचले, झाडाला वळसा घातला, मग टोपी काढून हवेत उडवली आणि झेलली. साठीचा माणूस! "ताई, पाह्यलं का?" ते ओरडले. "गेलं ना मागं! बोरगाव मंजू मागं गेलं!"

मला हसू आलं आणि मी मागे वळून पाहिलं. आपा मागून टाळ्या वाजवत होत्या. टाळ्या वाजवताना त्या एका पायावर उभ्या होत्या.

त्यानंतर गावंडे भाऊ असे सुटले की काय सांगू. पुढे जिनिंगच्या शेडची पत्र्याची छपरं दिसायला लागली, कापसाचे ट्रॅक्टर वाढले, रस्त्याकडेच्या झुडपांना कापसाचे पांढरे पुंजके लागलेले. म्हणजे अकोला आलंच. मी मागे वळले. आपा रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडाला धरून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पोचायच्या आत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं आणि तोंडातून असा आवाज निघाला, जो मी बाळंतपणाच्या खोलीत ऐकला आहे, बाहेर कधी नाही.

"म्हणा आपा. तीन शब्द आहेत."

"नहीं बोलूंगी. टूटने दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. पुढे गावंडे भाऊंची पांढरी टोपी लहान लहान होत चालली होती. माझे पाय धडधाकट होते. तिथून अकोला आणि परत असं मी सहज गेले असते. मला पोचायचं होतं हो! दुसऱ्या कोणाला किती असेल माहीत नाही, पण मला त्या दारात धावत जायचं होतं. मी पळत सुटले, गावंडे भाऊंना गाठलं आणि त्यांच्या पुढे उभी राहून म्हटलं, "मले बसाचं आहे."

ते थांबले. आधी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग माझ्या पायांकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशीही जागच्या जागी नाचणाऱ्या माझ्या पायांकडे.

"ताई," ते म्हणाले. पुढे तोंड उघडलं, 'काहून' अगदी ओठांवर आलं होतं, पण नियम त्यांचाच. गिळला त्यांनी तो शब्द. टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि बंडूला हात केला. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. त्या टोपीच्या घडीइतकी एकही लागली नाही.

टेम्पोत ते पुढे बंडूशेजारी बसले. मागे आपा आणि मी. आपा माझ्यावर भडकल्या. "किसने कहा था तेरे को? बोल, किसने?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प राहा." बाहेरून जिनिंगच्या शेडा, शाळा, पेट्रोलपंप सरकत होते आणि मला टेम्पोतून उडी मारावीशी वाटत होती. पण मनातून, खोटं कशाला सांगू, मी स्वतःवर खूशही होते. मला वाटत होतं, मी केवढं मोठं काम केलं.

अकोला

मंदाताईंच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. गावंडे भाऊ उतरले, टेम्पोचा मागचा फळका पाडला आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "उतरा."

आपांनी पाय खाली सोडला आणि तशाच कोसळल्या. गावंडे भाऊंनी त्यांना वरच्या वर धरलं, फळक्यावर बसवलं. बुटाच्या कडेवरून सूज बाहेर आली होती. ते खाली वाकून बराच वेळ त्या पावलाकडे पाहत राहिले. वावरात पीक पाहतात तसं, हात न लावता.

"कवापासून?"

आपांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "कालपासून. त्या भेगेत गेला तेव्हापासून."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"म्हनून तुमी बसल्या."

"हो."

मला वाटलं, आता ते म्हणतील, ताई, तुमचे उपकार. निदान डोळ्यांत पाणी येईल. गावंडे भाऊ सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "म्हंजे तुमाले वाटलं, गावंडे जवायापाई आपाचा पाय मोडू देईन."

मी आपांच्या बुटाची नाडी सैल करायला वाकले.

"मले एक बार सांगाचं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मीच थांबलो असतो ना ताई. त्या वावरातच थांबलो असतो. तुमी दोघींनी मिळून मले इतकं लहान करून टाकलं."

आपा हमसून रडायला लागल्या. तेवढ्यात गल्लीतून मंदाताई ताट घेऊन आल्या, मागे शेजारणी, आणि सगळ्यांच्या पुढे जवाई, हातात फटाक्यांची माळ. टेम्पो पाहून त्यांनी माळ खाली ठेवली. चेहरा उजळला त्यांचा.

"अरे बाप्पा! पुन्हा टेम्पो! यंदा कोन बसलं?"

मी पुढे झाले. 'मी' म्हणणार, एवढ्यात गावंडे भाऊंनी मला हाताने मागे सारलं.

"मी बसलो," ते म्हणाले.

"भाऊ!" मी ओरडले.

ते माझ्याकडे वळले आणि हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "थांबाचं ते मघाशी तुमी माह्या हातून घेतलं. आता हे तरी माह्याजवळ राहू द्या."

जवाई तोवर गल्लीला ओरडून सांगतच सुटले होते. गावंडे भाऊंनी त्यांना हवं तेवढं ओरडू दिलं, मग आपांना खांद्याचा आधार देत म्हणाले, "जवाईबापू, थट्टा मागून करा. आधी हाडाच्या डॉक्टरकडे चला, गाडी काढा." जवाईही शेवटी माणूसच. पाय पाहिल्याबरोबर चप्पल न घालता गाडी काढायला पळाले. डॉक्टरने फोटो काढला. हाडाला चीर होती. अजून थोडं पळाल्या असत्या तर ऑपरेशन करावं लागलं असतं, असं म्हणाला. संध्याकाळी पायाला प्लास्टर घातलेल्या आपांना मंदाताईंनी पलंगावर बसवून ओवाळलं, आणि जवायांनी आणलेली फटाक्यांची माळ शेजारच्या पोरांनी वाजवून टाकली.

नियम आम्ही बदललेला नाही. फक्त एक भर घातली आहे, तीही आपांनी. दुखलं तर लपवायचं नाही. गावंडे भाऊ म्हणाले, "हे लिहून ठेवाची गरज पडली, हेच वाईट." आपांचं प्लास्टर निघालं. आता त्या चालतात. पुढच्या हिवाळ्याचं अजून कोणी बोललेलं नाही.

मागच्या महिन्यात अमरावतीत गावंडे भाऊंच्या नात्यातलं एक लग्न होतं. आम्हा दोघींना आग्रहाने बोलावलं. पंगत बसायच्या आधी जवाई उठले आणि भर मांडवात, दोन्ही हात वर करून, "आमच्या साळ्याले आधी जागा द्या! सलग दोन साल!" मांडव हसला. आपांनी माझा हात घट्ट धरला. मी उठलेच होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. कोण बसलं, का बसलं, कोणाचा पाय, कोणाचं मन. समोरच्या रांगेतून गावंडे भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

त्या लोकांत तेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते, आणि या वेळी ते खरं हसणं होतं. मी खाली बसले. वाढप्याने पानात वरण-भात टाकला, मी तो कालवत राहिले, आणि पंगत उठेपर्यंत एक शब्द बोलले नाही.